नाव आहे, गाव नाही

मराठीत ‘कालवा’ म्हटले की डोळ्यांपुढे ऊस येतो, पाण्याची पाळी येते, पाटकरी येतो. नाव काही येत नाही. नीरा आणि मुठा ह्या नद्यांचे कालवे महाराष्ट्राला परिचित आहेत ते शेताची तहान भागवणारे म्हणून. देशात अन्यत्र स्थिती थोडी निराळी होती. १८५४ मध्ये खुल्या झालेल्या गंगेच्या कालव्यावर नावांच्या वाहतुकीचीही सोय केलेली होती, आणि कोरोमंडल किनाऱ्यालगतच्या बकिंगहॅम कालव्यातून मालाच्या नावा दीर्घकाळ चालत. परंतु कालव्यावरील अरुंद नाव हेच ज्याचे घर, असा माणूस मराठी वाचकाच्या अनुभवकक्षेत सहसा येत नाही. म्हणूनच इंग्रजी गद्यातील असे एखादे वर्णन मराठीत आणू पाहणाऱ्याची खरी अडचण शब्दाच्या पलीकडची असते. ‘कालव्यातील होडी’ असे लिहून शब्द भागतो, त्यामागची जीवनपद्धती मात्र काठावरच राहते.

ह्या जीवनपद्धतीचा आरंभ कोळशापासून झाला. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्स्ली येथील आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी जेम्स ब्रिंडली ह्या स्वयंशिक्षित कारागिराच्या साहाय्याने जो कालवा खोदवला, तो १७६१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. पुढील दोन-तीन पिढ्यांत देशभर अशा जलमार्गांचे जाळे पसरले. जमीन कोठे चढती, कोठे उतरती. तेव्हा तिच्या पायऱ्या करणे भाग होते. ‘लॉक’ ही ती पायरी. दोन बाजूंना दरवाजे असलेला एक उभट हौद. त्यात नाव शिरली की पाणी भरून तिला वर उचलायचे, किंवा पाणी सोडून खाली उतरवायचे. ट्रेंट-मर्सी कालव्याच्या लॉकांसाठी ब्रिंडलीने सुमारे ७ फुटांची रुंदी स्वीकारली. त्या एका निर्णयाने नावेचा देह कायमचा ठरून गेला: लांबी फार तर ७० फुटांच्या आसपास, रुंदी ७ फुटांहून किंचित कमी. काठच्या वाटेने चालणारा एक घोडा अशा नावेतून २५ ते ३० टन भार ओढीत असे. आज ह्या नावांत कोळशाऐवजी पुस्तके, मांजरे आणि निवृत्त माणसे राहतात. परंतु त्यांच्या भिंती एकमेकींपासून किती दूर असाव्यात, हे अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या मोजपट्टीनेच ठरवलेले आहे.

आरंभी नावाड्याचे घर काठावर असे. रेल्वे आली, वाहतुकीचे दर घसरले, आणि घराचे भाडे व मदतनिसाची मजुरी दोन्ही परवडेनाशी झाली. तेव्हा अनेक नावाड्यांनी बायकामुलांनाच नावेवर आणले. मालाची जागा सोडून मागच्या टोकाला उरे ती सुमारे १० फूट लांबीची खोली. तीत शेगडी, दार आडवे पाडले की मेज होणारे कपाट, रात्री पसरायची बिछान्याची फळी आणि सगळे कुटुंब. कपाटांच्या दारांवर गुलाबाची फुले आणि तळ्याकाठचे किल्ले रंगवलेले असत. ज्यांच्या वाट्याला ना बाग ना वाडा, त्यांनी दोन्ही दारावर काढून घेतले होते. कोळव्हिलचा जॉर्ज स्मिथ ह्याने ह्या वस्तीची दैना लोकांपुढे मांडली, आणि १८७७ च्या कायद्याने राहत्या नावांची नोंदणी व त्यांतील माणसांच्या संख्येवर मर्यादा आली. मुलांच्या शिक्षणाचाही त्यात विचार होता. पण शाळा एका गावी आणि नाव उद्या दुसऱ्या गावी, ही अडचण कायद्याच्या हाती लागणारी नव्हती.

मराठीत ‘नाव’ हा एकच शब्द होडीचाही वाचक आहे आणि अभिधानाचाही. अनोळखी माणसाला आपण नाव विचारतो ते गावासकट. नावगाव सांगितल्यावाचून त्याची ओळख पुरी होत नाही. कालव्यावरच्या ह्या माणसांपाशी नाव होती, गाव नव्हते. काठावरच्या समाजाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले, ह्याचे मूळ पुष्कळ अंशी एवढ्यातच आहे.

ही वाहतूक अखेरचे आचके देत असताना एल. टी. सी. रोल्ट (१९१०–१९७४) ह्या अभियंत्याने ‘क्रेसी’ नावाची जुनी लाकडी नाव राहण्याजोगी करून घेतली. बॅनबरी येथील टूली कुटुंबाच्या नावशाळेत तिचे काम झाले, आणि १९३९ च्या उन्हाळ्यात तो पत्नी अँजेला हिच्यासह तिच्यावर राहू लागला. त्या प्रवासाचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक युद्धकाळात, १९४४ मध्ये, प्रसिद्ध झाले. ते वाचून रॉबर्ट एकमन ह्याने रोल्टशी संपर्क साधला, आणि १९४६ मध्ये कालव्यांच्या रक्षणासाठी ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ स्थापन झाली. १९४७ मधील एक प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. स्ट्रॅटफर्ड कालव्यावरील एक उचलता पूल नादुरुस्त होऊन पक्का बसवला गेला होता. परंतु नौकानयनाचा कायदेशीर हक्क शाबूत होता. रोल्टने जाण्याची रीतसर सूचना दिली, तेव्हा कालव्याच्या मालक रेल्वे कंपनीला तो पूल उचलून द्यावा लागला, आणि गाळातून, गवतातून क्रेसी पार झाली. ज्या वाटेने कोणी जात नाही, ती वाट राहत नाही. हा मुद्दा त्या एका लाकडी नावेने कोणत्याही निवेदनापेक्षा स्पष्ट मांडला.

पुढे १९४८ मध्ये बहुतेक कालवे राष्ट्राच्या मालकीचे झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात पाणी कित्येक आठवडे गोठून राहिले आणि उरलासुरला बराचसा माल ट्रकांकडे गेला तो परतला नाही. १९६८ च्या वाहतूक कायद्याने विहाराचे जलमार्ग अशी स्वतंत्र वर्गवारी केली. इंग्लंड व वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग २०१२ पासून ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ह्या धर्मादाय संस्थेकडे आहेत. आज त्यांवर ३० हजारांहून अधिक नावा आहेत, आणि त्यांतील हजारोंवर माणसे बारमाही राहतात.

अशी नाव विकत घेऊ पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम पितळी दिव्यांकडे आणि रंगवलेल्या फुलांकडे जाते. जाणकार तिला पाण्याबाहेर काढायला सांगतो. आजच्या नावा पोलादी. नव्या नावेचा तळ साधारणतः १० मिलिमीटर जाडीचा, बाजू ६ आणि खोलीच्या भिंती ४ मिलिमीटर. परीक्षक बुडाशी हातोडी वाजवतो, ध्वनिलहरींच्या यंत्राने पत्र्याची जाडी जागोजाग मोजतो, आणि गंजाने किती खाल्ले ते लिहून देतो. चार मिलिमीटरांखाली पत्रा गेला तर विमा मिळणे कठीण. घरासाठी मिळते तसे कर्ज नावेला मिळत नाही, आणि जमिनीवरचे घर वर्षागणिक महाग होत असता हे घर सामान्यतः स्वस्त होत जाते.

मग निगा सुरू होते. दर दोन-तीन वर्षांनी नाव कोरड्या गोदीत चढवून बुडाला डांबर फासायचे. बुडाला मॅग्नेशियमचे गोळे जोडलेले असतात. गंजण्याचे काम पोलादाऐवजी त्यांनी करायचे, आणि ते झिजले की नवे बसवायचे. पंख्याचा दांडा नावेबाहेर पडतो त्या जागी ग्रीस भरून थेंब रोखायचा. तेथे दुर्लक्ष झाले तर पाणी तळात साचते. पंख्यात गवत, दोर, कोणाची टाकून दिलेली चादर अडकते. ती गार पाण्यात हात घालून सोडवावी लागते. दर ४ वर्षांनी सुरक्षा-प्रमाणपत्र. त्यासाठी गॅस, वीज, इंधन ह्यांची तपासणी. खोलीत विषारी धुराची सूचना देणारे यंत्र २०१९ पासून सक्तीचे. अशा कामांची यादी संपत नाही. एका टोकाचे काम आटोपून माणूस दुसऱ्या टोकाला पोचतो, तोवर पहिल्या टोकाला गंजाचा ठिपका उमटलेला असतो. क्रेसीवरचा संसार १९५१ मध्ये संपला, त्यात तिच्या जीर्ण झालेल्या लाकडाचाही भाग होता.

रोजच्या राहण्याचा धडा मोजमापाचा आहे. टाकीत पाणी किती, हे तेथे पोरासोरालाही ठाऊक असते, कारण ते भरण्यासाठी नाव हाकीत नळापर्यंत न्यावी लागते. हिवाळ्यात कोळशाची पोती छपरावर रचलेली असतात. शेगडी विझली की खिडक्यांच्या काचांवर श्वासाचे पाणी साचते. शौचपात्राची पेटी स्वतःच्या हातांनी नेऊन ठरल्या जागी रिकामी करावी लागते. शहरातल्या घरात ह्या सर्व गोष्टी भिंतीमागे चालतात आणि माणूस स्वतःला स्वच्छ समजतो. नावेवर कोणाला तशी सोय नाही. अरुंद लॉकमधून एकदा गेले की सुमारे सव्वा लाख लिटर पाणी खालच्या पातळीत उतरते. म्हणून समोरून नाव येताना दिसली तर भरलेला हौद तिच्यासाठी राखून ठेवण्याची रीत आहे. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की नाव डावीकडे वळते, आणि वळायलाही वेळ घेते; घाईने केलेली दुरुस्ती हीच तेथे नवी चूक ठरते.

आणि तरीही ह्या घराचा सर्वांत अवघड भाग पोलादात नसून कायद्यात आहे. ज्या नावेला कायमचा धक्का नाही, तिने १९९५ च्या कायद्यानुसार खरोखरीचा प्रवास करीत राहावे, आणि एका जागी सलग १४ दिवसांहून अधिक थांबू नये. किती अंतर गेले म्हणजे प्रवास झाला, हे कायदा सांगत नाही. त्यावरून वाद होत आले आहेत. लंडनसारख्या शहरात घरभाडे न परवडल्याने नावेवर आलेल्या कुटुंबाचे मूल एकाच शाळेत जाते, आईवडिलांची कामे एकाच भागात असतात. पाणी सार्वजनिक आहे, काठ मर्यादित आहेत, एकाने जागा अडवली तर दुसरा अडतो. हे जलमार्ग राखणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. धक्का नसलेल्या नावांना एप्रिल २०२४ पासून परवान्यासाठी अधिक शुल्क द्यावे लागते. मतदारयादीत नाव घालण्यासाठी अशा माणसाला ‘स्थानिक संबंधा’चे निवेदन करता येते, हा कायद्याचा समंजसपणा, पण बाकी बहुतेक अर्जांत पत्त्याचा रकाना तसाच वाट पाहत असतो. ज्या अडचणीपुढे १८७७ चा कायदा थबकला, ती नव्या वेषात परत उभी आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक उणीव जाणवावी. कालव्यावर जन्मून तेथेच मेलेल्या माणसांनी स्वतः फारसे लिहिले नाही. बहुतेकांना अक्षरओळखच नव्हती. त्यांच्याविषयी लिहिले ते रोल्टसारख्या पाहुण्याने, किंवा दुसऱ्या महायुद्धात मालाच्या नावा हाकण्यासाठी आलेल्या सुशिक्षित तरुणींनी. एमा स्मिथचे ‘मेडन्स ट्रिप’ १९४८ चे. शीला स्ट्यूअर्टच्या ‘रॅम्लिन रोझ’ (१९९३) मध्ये नावाडी स्त्रियांच्या तोंडच्या आठवणी आल्या, त्याही दुसरीच्या लेखणीतून. मराठीत ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने ज्यांचे जगणे त्यांच्याच हातून लिहिली गेली. ह्या दोन्ही समाजांचे भोग सारखे नव्हेत, आणि ते एका मापाने मोजू नयेत. परंतु गाव नसलेल्या माणसाची कथा कोण सांगतो, ह्या प्रश्नाचे उत्तर मराठीने अधिक धीटपणे दिले आहे, एवढे म्हणता येईल.

आज नावेवर राहणाऱ्यांत हौसेने आलेला आहे, तसा नाइलाजाने आलेलाही आहे. गंज दोघांना सारखाच भेटतो. पहाटे शेगडीतली राख दोघांनाही उपसावी लागते, लॉकचे जड दरवाजे दोघांनाही पाठ लावून ढकलावे लागतात, आणि एकाची नाव हौदात असताना दुसरा वरून पाण्याची झडप सांभाळतो. त्यांच्या जाण्यायेण्यानेच कालवा कालवा म्हणून उरतो. नावा थांबल्या की पाच-दहा वर्षांत तेथे गाळ आणि गवत असते. पाण्याची वाट जे जिवंत ठेवतात त्यांच्या मुक्कामाची जागाही त्या वाटेच्या हिशेबात धरावी लागेल. पत्ता एका ओळीत मावत नाही, म्हणून नांदणे खोटे ठरत नाही.