लोकेशन टाकू नये

पहिला निरोप मी दोनदा वाचला. ‘मायाला दोष देऊ नका. ती तिच्या घरात होती.’ त्याखाली उत्तर होतं, ‘आणि ती बाई तिच्या ड्युटीवर होती.’ मग एकदम झुंबड उडाली. कोणी हात जोडले, कोणी मायाचे गुण गायले, एकानं खवचटपणे विचारलं, ‘हेच सोनमच्या हातून झालं असतं तर?’ मला वाटलं, कोणाच्या तरी घरचं भांडण चाललंय आणि भाच्यानं मला भलत्याच ग्रुपात ढकललंय. पुण्याला फोन लावला तर तो हसत सुटला. “मामा, माया म्हणजे टी-बारा. वाघीण आहे हो! ऊर्जानगरात राहून तुम्हाला माया माहीत नाही?”

ऊर्जानगरात राहतो म्हणूनच तर काही कळेना. आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर उभं राहिलं की एका अंगाला कूलिंग टॉवर दिसतात आणि दुसऱ्या अंगाला जंगलाची रेघ. २९२० मेगावॅटचं वीज केंद्र, त्याला पाणी पुरवणारं इरई धरण, दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणी आणि त्यापुढे मोहर्लीचं गेट, असा आमचा भूगोल. रात्रपाळीहून परतताना कन्व्हेअरखाली डोळे चमकले तर ‘तिकडं जनावर हाय बे’ एवढं सांगून आम्ही गाडी वळवतो. त्या जनावराचं नाव काय, त्याची आई कोण, हे विचारायचं आमच्या कोणाच्या मनात येत नाही.

ग्रुपवर मात्र त्याखेरीज दुसरं काही नव्हतं. २० नोव्हेंबर २०२१ला कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला होता. ती वाघीण माया, असं सांगितलं जात होतं. पांढरपौनीची माया ही ताडोबातली सगळ्यात जास्त फोटो निघालेल्या वाघिणींपैकी एक. मुंबई, बंगळुरू, कुठून कुठून लोक तिच्यासाठी येत. तिला आता पकडणार की काय, या काळजीनं ही मंडळी जागत होती. गेलेल्या बाईबद्दल कोणालाच दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण दुःखाच्या ओळीनंतर ‘पण’ यायचा, आणि खरा मजकूर त्या ‘पण’च्या पुढे असायचा.

मी ड्रॉइंग ऑफिसातला माणूस. आता सगळं कॅडवर होतं, तरी हातानं रेघ ओढण्याची खोड गेलेली नाही. नकाशा कळत नसला की आम्ही आधी चिन्हांची सूची शोधतो. इथे सूची द्यायला कोणी तयार नव्हतं. ‘लेफ्ट फ्लँक आहे का?’ ‘हा सब-अडल्ट मेल डब्ल्यूचा वाटतो.’ ‘हेड-ऑन मिळाला, पण लाइट हार्ड होता.’ मी भीत भीत विचारलं, डब्ल्यू म्हणजे काय? उत्तर आलं, ‘सर, आधी जुने मेसेज वाचा.’ हजारो होते. तरी बसलो वाचत, आणि एखादी न संपणारी मालिका मधूनच लागावी तसं झालं. कोण कोणाची लेक, कोणी कोणाला हाकललं, छोटी ताराचं पहिलं लग्न कुणाशी. गब्बर, मटकासुर, मधू, लारा. मी वहीत लिहीत गेलो आणि नाती जुळवत गेलो.

हळूहळू उमगलं की वन विभागाच्या दफ्तरी वाघाला आकडा असतो, टी-१२ किंवा टी-१२६. नावं ठेवतात गाइड, जिप्सीवाले आणि हौशी लोक. कधी पाणवठ्यावरून, कधी अंगावरच्या खुणेवरून, कधी सिनेमावरून. एकाच वाघाला दोन नावंही असतात. मोहर्लीकडचा दांडगा वाघडोह हा पाणवठ्यामुळे वाघडोह आणि तोंडावरच्या जखमांमुळे ‘स्कारफेस’. गावाकडचे गाइड पहिलं नाव घेत, शहरी कॅमेरेवाले दुसरं, आणि यावरूनही खटके उडत. गंमत म्हणजे एका नराचं नाव तारू आहे. ताडोबाच्या तळ्याकाठी झाडाखाली ज्या देवाचं ठाणं आहे तो गोंडांचा मुखिया तारू, वाघाशी झुंजताना मेला अशी कथा सांगतात. वाघानं मारलेल्या माणसाचा देव झाला आणि त्या देवाचं नाव पुन्हा वाघाला मिळालं. यावर ग्रुपमध्ये कोणाला काही वाटल्याचं दिसलं नाही. मला वाटलं, पण नवखा म्हणून गप्प राहिलो.

गोडी लागली ती पट्ट्यांमुळे. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, हे ऐकून माहीत होतं. पण एकाच वाघाची डावी कूस आणि उजवी कूसही जुळत नाही, म्हणून ट्रॅप कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधतात, हे नवीन होतं. एकच बाजू मिळाली तर ओळख अर्धीच पटते. म्हणजे माझ्या भाषेत एका एलिव्हेशनवरून यंत्र ओळखण्याचा प्रकार! मी टेबलाच्या खणातून बटर पेपर काढला, लॅपटॉपच्या काचेवर ठेवला आणि एका वाघिणीची डावी कूस पेन्सिलीनं उतरवली. भुवईवरची खूण, खांद्यावरची दुहेरी रेघ, मांडीवरचा फाटा. केसबिस काही काढले नाहीत, नुसते पट्टे. टाकलं ग्रुपवर.

एका रात्रीत मी ‘सर’चा ‘दादा’ झालो. कोणाला टी-शर्टवर छापायला हवं होतं, एकाला दंडावर गोंदवून घ्यायचं होतं. तेव्हा लक्षात आलं की इथे नुसते फोटो टाकणारे नाहीत. एक मुलगी वाघांच्या बारशाच्या पत्रिका करायची, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून खाली आहेराच्या टिपेपर्यंत. वडशाकडचा एक जण दोन नरांच्या झुंजीची झाडीपट्टी नाटकाच्या जाहिरातीसारखी पोस्टरं रंगवायचा, तोच भडक पिवळा-लाल, तीच वळणदार अक्षरं, खाली ‘तीन अंकी, रक्तरंजित, कौटुंबिक’. छोटा मटकानं नोव्हेंबर २०२३मध्ये बजरंगला मारलं त्या दिवशीचं त्याचं पोस्टर मी जपून ठेवलंय. शहरातल्या काही सभासदांना ते गावंढळ वाटलं. माझ्या मते त्या ग्रुपात त्याहून अस्सल काही आलं नाही.

माझ्या पट्ट्यांचं कौतुक मात्र आठवडाभरच टिकलं. ज्या फोटोवरून चित्र उतरवलं तो काढणारा गृहस्थ उगवला. ‘माझ्या फोटोवर काम करण्याआधी विचारायची पद्धत आहे.’ त्याचं म्हणणं रास्त होतं, मी श्रेय लिहितो म्हणालो. तेवढ्यात एक गाइड म्हणाला, ‘कॉल ऐकून गाडी म्या थांबवली, तेव्हा तुमाले फोटो भेटला. माह्यं नाव कुठी हाय?’ मग जिप्सीचा मालक आला. मग कोणी म्हणालं, वाघ कोणाच्या बापाचा नाही. मग बाप काढल्याबद्दल वेगळं भांडण झालं. भाच्याला विचारलं, हे नेहमीचंच का? “मामा, हे काहीच नाही. तुम्ही वंशवृक्ष नका काढू फक्त.”

मी तो अर्धा काढून ठेवला होता. बाप कोण, या प्रश्नावर दोन जुने मित्र कायमचे तुटल्याचं पुढे कळलं. वाघीण दोन-दोन नरांबरोबर दिसते. माया तर अशी जोडी जमवून पिल्लांचा जीव वाचवते म्हणून नावाजलेली होती. डीएनए तपासल्याशिवाय बाप ठरत नाही, पण मटकासुराच्या चाहत्यांना ते पटवणार कोण? माझा वंशवृक्ष आईच्या बाजूनंच वाढला. वडिलांच्या जागी मी तुटक रेघ ठेवली. ड्रॉइंगमध्ये तुटक रेघ म्हणजे न दिसणारी कड.

मग २०२२चा फेब्रुवारी आला. १६ तारखेच्या रात्री आमच्या वीज केंद्राच्या आवारात कामावरून घरी निघालेल्या एका कामगाराला वाघानं ओढून नेलं. दुसऱ्याच दिवशी रात्री दुर्गापुरात सोळा वर्षांच्या पोराला बिबट्यानं नेलं. कॉलनीत संध्याकाळनंतर कोणी बाहेर पडेना. पिंजरे लागले, झुडपं तोडायला सुरुवात झाली, शिफ्टला जाणारे घोळक्यानं जाऊ लागले. मी ग्रुपवर बातमी टाकली. बराच वेळ काही नाही. मग एकानं विचारलं, ‘आयडी काय?’

आयडी नव्हती. ना पांढरपौनीचा, ना तेलिया तळ्याचा, ना कोणाच्या अल्बमातला. राखेच्या बंधाऱ्याकडच्या झुडपात राहणाऱ्या, ज्याच्यापुढे कधी जिप्सी थांबली नाही अशा वाघाला नाव कोण ठेवणार? चार-दोन जणांनी हळहळ लिहिली, आणि चर्चा मोहर्लीच्या सायटिंगवर परत गेली. मी रागावलो असं नाही. मला नवल वाटलं. वाघाला नाव नसलं की त्याची बाजू घेणारा कोणी नसतो हे समजण्यासारखं होतं. पण त्यानं मारलेल्या माणसाचाही मग विषय होत नाही, हे ध्यानात यायला वेळ लागला. माया प्रकरणात त्या बाईचं निदान नाव तरी निघालं होतं, मायामुळे.

त्याच वर्षी मे महिन्यात सिनाळ्याच्या जंगलात वाघडोह मेलेला सापडला. वय सतराच्या आसपास, तरण्या नरांनी मोहर्लीतून केव्हाच हुसकावलेला. सिनाळा आमच्या दुर्गापूरपासून लांब नाही. फेब्रुवारीत मुका असलेला ग्रुप त्या दिवशी बोलता बोलता थांबेना. कविता आल्या, काळ्या चौकटी आल्या, चाळीसेक बछड्यांचा बाप म्हणून त्याचे पोवाडे झाले. वडशावाल्यानं या वेळी पोस्टर केलं नाही. मला त्याच्या उजव्या कुशीचे पट्टे काढायची फर्माइश आली आणि मी ते काढले. इतक्या म्हाताऱ्या वाघाची कातडी कशी सैल पडते, रेघा कशा वाकतात, हे बघताना मलाही गलबलून आलं. चाहता होणं म्हणजे काय ते त्या रात्री थोडं कळलं, आणि कळल्यावर मला अवघडल्यासारखं झालं, कारण फेब्रुवारीत मी कागदाला हातही लावला नव्हता.

ग्रुपचा सगळ्यात कडक नियम म्हणजे लोकेशन टाकू नये. यामागे कारण आहे. फोटोबरोबर जागा कळली की गाड्या धावतात. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या दोन रांगांत अडकले, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. गाइड-चालकांवर कारवाई झाली, नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ग्रुपवर तेव्हा कोणी कोणाला सोडलं नाही. ‘आपणच ही गर्दी तयार केली’ असं एका जुन्या फोटोग्राफरनं लिहिलं, आणि त्याला तिथल्या तिथे ढोंगी ठरवण्यात आलं. शेवटी नियम आणखी घट्ट झाला. फोटो दोन दिवसांनी टाकायचा आणि ओळखू येईल असं झाड, पाटी, पाणवठा कापून टाकायचा.

कॉलनीतल्या आमच्या दुसऱ्या ग्रुपवर याच्या नेमकं उलटं. तिथे फोटोला कोणी विचारत नाही. ‘गेट नंबर अमुक, पाइपलाइनजवळ, आत्ता’ एवढंच हवं असतं, आणि पाच मिनिटं उशिरा कळवलं तर शिव्या बसतात. दोन्हीकडे असलेला बहुधा मी एकटाच.

मागच्या हिवाळ्यात एका कंत्राटी कामगारानं कन्व्हेअरजवळ मोबाईलवर वाघ टिपला. फोटो हललेला, पण डावी कूस स्पष्ट. मी तो दोन्हीकडे टाकला. कॉलनीत लोकांनी रस्ता बदलला आणि विषय संपला. वाघांच्या ग्रुपात अॅडमिननं तो काढून टाकला, कारण मागे कन्व्हेअर दिसत होता. मी त्या कामगारालाही ग्रुपात घेतलं होतं. त्यानं लिहिलं, ‘लोकेशन काडून टाकलं तं आमी सायकल कुठून न्याची जी?’

यावर जे झालं ते भांडण होतं की सभा, सांगता येत नाही. एक म्हणाला, हा ग्रुप सुरक्षेसाठी नाही, प्रेमासाठी आहे. गाइडांपैकी बहुतेक कामगाराच्या बाजूनं उभे राहिले, कारण त्यांची गावंही बफरमध्ये, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातच आहेत. वडशावाला तर चिडून निघूनच चालला होता. कोणीतरी अवनीचा विषय काढला. यवतमाळच्या पांढरकवड्यात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-१, तिला वाचवायला देशभर मोहीम झाली, आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री तिला गोळी घातली गेली. त्यावरून जुनी उणीदुणी पहाटेपर्यंत निघाली. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. एवढं दिसलं की दोन्ही बाजू तोच कन्व्हेअरजवळचा फोटो पुढे करत होत्या.

अखेर तोडगा निघाला. जंगलातला फोटो दोन दिवसांनी, जागेशिवाय. वस्तीतला फोटो ताबडतोब, जागेसकट. मी लगेच त्या वाघाचे पट्टे काढून वंशवृक्षाला जोडायला बसलो. आई सापडली नाही, तेव्हा तोही तुटक रेघेवर. नावासाठी तीन सूचना आल्यात, त्यातली एक ‘कन्व्हेअर’ आहे. कामगाराचं म्हणणं, नाव काहीही ठेवा, पण पद्मापूरला वस्ती धरा. अॅडमिनच्या मते पद्मापूर बफरमध्ये मोडतं, म्हणजे जंगल. नकाशा काढून द्या, असं दोघांनीही मला सांगितलंय.