घोट कुठे अडतो?

माझ्या मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात स्ट्रोक झाला. हातपाय वाचले, पण गिळणं गेलं. पाण्याच्या घोटानं ठसका लागायचा, लाळसुद्धा थुंकावी लागायची. पोटात जायचं ते नाकातून घातलेल्या राइल्स ट्यूबमधून. घरात वरणाला फोडणी पडली की मी खोलीचं दार लावून घ्यायची.

बेरियमच्या एक्स-रेत दिसलं, की घास घशाच्या तळाशी साचतो आणि थोडा श्वासनलिकेकडे घसरतो. तो का साचतो, हे त्यातून नक्की ठरेना. घशाचा जोर कमी पडतोय, की अन्ननलिकेचं तोंड उघडत नाही? दोन्हींचे उपचार वेगळे. म्हणून डॉक्टरांनी मॅनोमेट्री करायला सांगितली. यात गिळताना घशात तयार होणारा दाब मोजतात.

उपाशीपोटी गेले. नाकपुडीत बधिर करणारी जेल लावून साधारण ४ मिलिमीटर जाडीची नळी आत सरकवली. ती घशाशी आली तेव्हा ओकारीचा उमाळा आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "ताई, हनुवटी खाली. आवंढा गिळा," टेक्निशियन सांगत होती. त्या नळीवर दर सेंटिमीटरला एक असे मिळून ३६ सेन्सर होते. मग गिळण्याच्या थेरपिस्टनं चमच्यानं थोडं थोडं पाणी दिलं. ठसका लागला तर हाताशी असावं म्हणून सक्शन तयार ठेवलं होतं. गिळताना दुखलं नाही. नळी मात्र सतत जाणवत होती.

नंतर डॉक्टरांनी पडद्यावरचा रंगीत आलेख दाखवला. कमी दाब निळा, जास्त दाब लाल. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू एरवी घट्ट मिटलेला असतो आणि घोट येताच जेमतेम अर्धा सेकंद सैल पडतो. माझ्या आलेखात घसा जोर लावत होता, पण तो स्नायू पुरेसा सैल पडतच नव्हता.

दुखणं कुठे आहे ते कळल्यावर उपचारांना दिशा मिळाली. फुग्यानं ते तोंड ताणून रुंद केलं. गिळताना कंठ वर उचलला की तो तसाच क्षणभर धरून ठेवायचा, हा व्यायाम थेरपिस्टनं घोटून घेतला. आता राइल्स ट्यूब निघाली आहे. मऊ भात-वरण तोंडानं खाते, पाणी जपून पिते.

स्ट्रोकनंतर पाण्यानं ठसका लागत असेल, खाल्ल्यावर आवाज घरघरत असेल, छातीत वारंवार कफ भरत असेल, तर वयावर ढकलू नका. गिळण्याची तपासणी करून घ्या. घास अडतो एवढंच कळलं, तर तो का अडतो, हेही डॉक्टरांना विचारा.