तैपेईत कुठे उतरायचं?

तैपेईला जायचं, हे आमचं एका संध्याकाळी ठरलं. तिथे उतरायचं कुठे, यावर मात्र घरात तीन आठवडे वाद चालला. मुलगी तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. तिच्या वसतिगृहात आईवडिलांना ठेवून घ्यायची सोय नाही, त्यामुळे आठ रात्रींचा प्रश्न होता. तिने फोनवरून तीन जागा सुचवल्या आणि म्हणाली, "अब्बा, यातली कुठलीही निवडा. मेट्रो सगळीकडे आहे, बिघडत काही नाही."

पहिली जागा तैपेई मेन स्टेशनच्या आसपासची. विमानतळाहून येणारी मेट्रो थेट तिथे पोहोचते, जलद गाडीने साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांत. सामान घेऊन येणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही, असं नकाशा सांगतो. पण त्या स्टेशनाच्या पोटात जमिनीखाली एवढं चालावं लागतं की दादर परवडलं. दुसरी जागा शिमेनतिंग. तरुणांचा बाजार, रात्रभर दिवे, स्वस्त हॉटेलं, आणि हिरव्या मार्गाने मुलीच्या गोंगग्वान स्टेशनाला सरळ गाडी. तिसरी दाआन भागातली, शिनशेंग साउथ रोडजवळची. समोर मोठं उद्यान, शांत गल्ल्या, भाडं थोडं जास्त. आणि तैपेईची मोठी मशीद त्याच रस्त्यावर.

बायकोला आधी स्वयंपाकघर असलेलं एखादं घरच आठ दिवसांसाठी हवं होतं. तिचं म्हणणं साधं होतं. जिथे प्रत्येक गोष्टीत डुक्कर किंवा डुकराची चरबी असू शकते, तिथे आपला तवा आपल्या हातात असलेला बरा. पण तैवानच्या शहरांत राहती घरं अशी रोजाच्या भाड्याने देणं बहुतेक ठिकाणी कायद्यात बसत नाही. इंटरनेटवर अशी घरं दिसतात, पण मुलगी म्हणाली, "तक्रार झाली तर भानगड. तुम्ही हॉटेलातच उतरा." वसतिगृहवजा स्वस्त लॉजमध्ये सामाईक स्वयंपाकघर असतं, पण तिथल्या कढईत आदल्या रात्री काय शिजलं होतं हे कोण सांगणार?

म्हणजे उरलं मेन स्टेशन, शिमेनतिंग किंवा दाआन. बायको म्हणाली, "मशिदीजवळचंच बघा ना. खाणंही तिथेच मिळेल." मी म्हणालो, "मशिदीजवळचं सोडून कुठलंही."

हे मी इतक्या तुटकपणे का बोललो, ते सांगायला हवं.

१९९८ साली मला पुण्यात नोकरी लागली. आमचं आडनाव कोकणी. दापोली-खेडकडच्या मुसलमानांची आडनावं तुम्हाला ठाऊकच आहेत, फोनवर ऐकून माणूस कोण ते कळत नाही. त्यामुळे एजंट खुशीत यायचा, खोली दाखवायचा, डिपॉझिटची बोलणी व्हायची. मग घरमालक चहा पुढे करत विचारायचे, "आणि पूर्ण नाव काय म्हणालात?" नाव सांगितलं की चहा संपेपर्यंत सगळे हवापाण्यावर बोलत. दुसऱ्या दिवशी निरोप यायचा. गावाहून पुतण्या येणार आहे, सोसायटीत नॉन-व्हेज चालत नाही, खोलीचं काम काढलंय. अशा अकरा खोल्या मी पाहिल्या. बारावी कोंढव्यात मिळाली. तिथे नाव ऐकून घरमालकाने चाव्या हातात ठेवल्या, आणि मला आनंद होण्याऐवजी रागच आला. तिथे मला कोणी वाईट वागवलं नाही. शेजारी चांगले, मशीद हाकेवर, मुलं तिथेच वाढली. पण ते घर मी निवडलेलं नव्हतं. माझ्यासाठी ते इतर अकरा जणांनी निवडलं होतं. आम्ही 'आपल्याच माणसांत' राहतो, वेगळे पडून राहतो, असं कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं की मी आजही गप्प बसतो.

तर आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या शहरात कुठेही राहायची मुभा होती. फॉर्ममध्ये नाव टाकलं, कार्डाचा नंबर टाकला, संपलं. तिथेही आपणहून मशिदीची गल्ली शोधायची? मी हट्टाने शिमेनतिंगमध्ये चार रात्री ठरवल्या. उरलेल्या चारांचं तिथे जाऊन बघू म्हणालो.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट घेतले, नावाची अक्षरं संगणकातल्या अक्षरांशी जुळवली आणि नाश्ता सात ते दहा असं सांगितलं. माझ्या नावावर तिची नजर कुठेही अडखळली नाही. खरं सांगायचं तर मी त्या अडखळण्याची वाटच पाहत होतो. लिफ्टमध्ये बायको म्हणाली, "एवढे खूश कशाला झालात? तिला वाचताच आलं नसेल."

खोलीला खिडकी नव्हती. तैपेईत स्वस्त खोली घेताना ही गोष्ट आधी बघून घ्या. जुन्या इमारतींचे मजले पाडून केलेल्या हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात. जाहिरातीत तसं लिहिलेलंही असतं, आपण फोटोतल्या पडद्यावर विश्वास ठेवतो. पडद्यामागे आमच्याकडे भिंत होती. बायकोला फजरची वेळ झाली की नाही ते फोनवर बघावं लागे, किब्ल्याची दिशाही फोनवर. कोकणात किब्ला शोधावा लागत नाही. समुद्राकडे तोंड केलं की झालं. तैपेईहूनही काबा पश्चिमेलाच, जरा उत्तरेकडे. पण बिनखिडकीच्या खोलीत पश्चिम कुठली? फोनमधलं होकायंत्र पलंगाजवळ एक दिशा दाखवी आणि दारापाशी दुसरी.

संडासाचं मात्र बरं निघालं. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत जपानी धर्तीची, पाण्याची धार सोडणारी सीट असते. तरी आमच्या बॅगेत प्लास्टिकचा मग होताच. तो कुठल्या मुसलमानाच्या बॅगेत नसतो?

नाश्त्याला अंडी, भाजलेलं रताळं आणि फळं एवढंच आम्ही उचलत होतो. शाकाहारी खाणावळी तैपेईत भरपूर आहेत, बौद्ध परंपरेमुळे, आणि मुलीने चिनी अक्षरांत 'आम्ही डुक्कर आणि दारू खात-पीत नाही' असं लिहिलेली चिठ्ठी दिली होती. पण चिठ्ठी दाखवून, हातवारे करून दिवसातून तीनदा जेवण मिळवणं दमवतं. संध्याकाळी मुलगी डबा घेऊन यायची. तिच्याकडे तिथल्या घराघरांत असते तशी तातुंग कंपनीची विजेवरची शेगडीवजा भांडी आहे. बाहेरच्या भांड्यात पाणी, आत तांदूळ-डाळ, बटण दाबलं की खिचडी. तीन रात्री आम्ही खिडकी नसलेल्या खोलीत पलंगावर वर्तमानपत्र पसरून खिचडी खाल्ली. खाली रस्त्यावर गाणी, तळणाचा वास, हसणं. मला शिमेनतिंग आवडलं होतं. १९०८ साली जपानी अमलात बांधलेलं तिथलं अष्टकोनी लाल मार्केट, त्यामागचे समलिंगी तरुणांचे बार, रस्त्यावर रंगवलेला इंद्रधनुष्याचा पट्टा. कोण कोणाबरोबर आहे, कोणाचं नाव काय, याची कोणाला पर्वा नाही. मी रात्री एकटाच तासभर फिरून यायचो.

चौथ्या रात्री फिरून आलो तर बायको अंधाराकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "अहो, तुम्ही कोंढव्यावर रुसलाय. त्याची शिक्षा मला तैपेईत कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सामान उचललं आणि दाआनला गेलो.

नवीन खोली लहान होती, दोन हजार रुपयांनी महाग, पण तिला पश्चिमेची खिडकी होती. संध्याकाळी खालच्या गल्लीत कचऱ्याची गाडी यायची. तिथे कचरागाडी बेथोवनची 'फ्युअर एलीझ' ही धून वाजवत येते आणि लोक पिशव्या हातात घेऊन गाडीच्या वाटेकडे डोळे लावून उभे असतात. आपल्याकडे कुल्फीवाल्यासाठी उभे राहतात तसे. बायको रोज ती गंमत बघायला खिडकीत जायची.

मशीद १९६० सालची. ती ज्यांनी उभी केली ते चिनी मुसलमान, १९४९ साली राष्ट्रवादी सरकारबरोबर मुख्य भूमीवरून समुद्र ओलांडून आलेले. आराखडा यांग च्वो-छंग यांचा. चिआंग कै-शेक यांचं प्रचंड स्मारक आणि लाल खांबांचं ग्रँड हॉटेलही याच वास्तुरचनाकाराचं. मशिदीला मात्र त्यांनी कांद्यासारखा घुमट आणि दोन मिनार दिलेत. शेजारीच कॅथलिक चर्च आहे. शुक्रवारी बाहेर खाण्याचे ठेले लागतात. इंडोनेशियन भात, समोसे, आणि पाट्यांवर दोन चिनी अक्षरं, छिंगचन. एक अक्षर स्वच्छ, दुसरं खरं, दोन्ही मिळून हलाल. हलाल बीफ नूडल्सचं दुकान सापडलं तेव्हा बायकोने दोन वाट्या मागवल्या आणि चिठ्ठी पर्समध्येच ठेवली.

जुम्म्याला मी गेलो. खुत्बा चिनी भाषेत, एक शब्द कळला नाही. अरबी सुरू झाली तेव्हा पाय आपोआप सरळ झाले. एका बाजूला बहुधा आफ्रिकेतला विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला सुरकुतलेले चिनी आजोबा. सलाम फिरवल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "इंडिया." ते मान हलवत राहिले. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा थोडा रागही आला. कोंढव्यात मी बाकीची दारं बंद होती म्हणून गेलो होतो. इथे चालत आलो होतो, आणि शिमेनतिंगची दारं मागे उघडीच होती. जागा एकच वाटली तरी या दोन गोष्टी एक नव्हेत, हे कळायला मला पंचवीसहून जास्त वर्षं आणि एक विमानप्रवास लागला.

दाआनच्या उद्यानात संध्याकाळी वृद्धांच्या चाकांच्या खुर्च्यांची रांग लागते. खुर्ची ढकलणाऱ्या बहुतेक बाया इंडोनेशियातल्या. त्यातल्या एकीने बायकोची ओढणी बघून सलाम केला. मग मुलीच्या चिनीवर गप्पा सुरू झाल्या. ती सहा वर्षांपासून इथे आहे. खुर्चीतल्या आजी नव्वदीच्या, तिथल्या बोलीत 'आमा'. आमच्याकडे आईला अम्मा म्हणतात हे ऐकून ती हसली. तिने विचारलं, कुठे उतरलात? बायकोने बोटाने हॉटेल दाखवलं. मग बायकोने तिला तेच विचारलं. तिने झाडांपलीकडची, जाळ्या लावलेली तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दाखवली. ती आमाच्याच खोलीत झोपते, आमाच्या पलंगाशेजारी. रात्री आमा दोन-तीनदा उठते. नमाज? आमा झोपली की, पलंग आणि कपाटाच्या मध्ये. जागा पुरते, म्हणाली.

मुलीने नंतर सांगितलं, घरात राहून सेवा करणाऱ्या या बायांना तिथला मुख्य कामगार कायदा लागू होत नाही. आठवड्याची सुट्टी मिळेलच असं नाही. हिला महिन्यातून एक रविवार मिळत होता आणि तो आमच्या मुक्कामातच येत होता. तिने आम्हाला मेन स्टेशनवर बोलावलं.

ज्या स्टेशनाबाहेर मी उतरायचं टाळलं होतं, त्याच्या तळमजल्यावर मोठा हॉल आहे, काळ्यापांढऱ्या चौकटींच्या फरशीचा. रविवारी तिथे शेकडो जण फरशीवर बसलेले असतात, बहुतेक इंडोनेशियन. ईदला तर पाय ठेवायला जागा नसते. स्टेशनात नमाजाची खोलीही आहे. २०२० साली कोविडमध्ये या हॉलमध्ये बसायला बंदी आली, आणि ती कायमची होणार अशी चर्चा सुरू झाली. तेव्हा तैवानी तरुण-तरुणीच तिथे येऊन फरशीवर बसले. पुढे बसू देऊ लागले.

आम्ही गेलो तेव्हा ती मैत्रिणींबरोबर निळं प्लास्टिक अंथरून बसली होती. उद्यानातल्या कपड्यांत नव्हती, जांभळा रेशमी हिजाब, ओठांना रंग. तिने आमच्यासाठी सरकून जागा केली. डबे उघडले, टेंपे, सांबाल, केळीच्या पानातला भात. बायकोने मुलीच्या तातुंगमधली खिचडी पुढे केली. ती सगळ्यांनी चाखली आणि एकमताने तिच्यात सांबाल घातलं. एक जण पाय पसरून झोपली होती, दुसरी गावाकडच्या मुलाशी व्हिडिओवर बोलत होती. बायकोने चप्पल काढून मांडी घातली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिला मी इतकी निवांत बसलेली पाहिली. मी मात्र पाहुण्यासारखा, फरशीच्या एका पांढऱ्या चौकोनावर.

साडेचारला ती उठली. आमा दुसऱ्या कोणाच्या हातून जेवत नाही, म्हणाली. सगळ्यांनी उरलेलं खाणं वाटून घेतलं, खरकटं पिशवीत भरलं. तिने प्लास्टिक झटकलं, चार घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवलं आणि बायकोला मिठी मारून मेट्रोच्या जिन्याकडे गेली. आम्ही चपला घालेपर्यंत दुसऱ्या मुलींनी तिथे आपलं प्लास्टिक अंथरलं होतं.