रोहण्याचा वीकेण्ड आणि वर्गणीची वही

महाबळेश्वर झालं, अलिबाग झालं, गोवा तर विचारूच नका! या वेळच्या लाँग वीकेण्डला कुठे, असं ऑफिसात विषय निघाला तेव्हा मी 'रोहणा' म्हणाले आणि आमच्या अख्ख्या रांगेत दोन सेकंद शांतता पसरली. मग कुणीतरी विचारलं, "नवीन रिसॉर्ट आहे का गं? स्विमिंग पूल आहे?"

पूल नाही. रोहणा हे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं गाव, माझ्या मामाचं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत हमखास जायचे, मग दहावी, बारावी, इंजिनीअरिंग, नोकरी... तुमचंही असंच झालं असणार. या वेळी जायला कारण झालं मामीचा फोन. "तुये मामा आजकाल कोनाशी बोलतच नाही वो. एकडाव येऊन जाय ना. तू तं शिकलेली हायेस."

आता 'शिकलेली' म्हणजे काय, तर मागच्याच महिन्यात आमच्या कंपनीत 'मेंटल वेलनेस वीक' पार पडला होता. सोमवारी योगा, मंगळवारी ध्यानाचं अ‍ॅप, बुधवारी कौन्सेलर बाईंचं लेक्चर आणि शुक्रवारी सगळ्यांना पिझ्झा. त्यात एक पिवळा स्माइलीवाला स्ट्रेस बॉल फुकट मिळाला होता. तो मी मामासाठी बॅगेत टाकला. खरंच टाकला. हसू नका.

झुकझुक ते पुलगाव

पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची आणि पुलगावला उतरायचं. ही गाडी वाटेतल्या प्रत्येक स्टेशनाशी निवांत गप्पा मारत जाते, त्यामुळे सोबत भरपूर खाणं आणि एक जाडजूड पुस्तक ठेवा. पुलगावहून पुढे आर्वीच्या रस्त्याने रोहणा. एकेकाळी इथे पुलगाव-आर्वी अशी छोटी नॅरोगेज रेल्वे होती. इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने ती या पट्ट्यातला कापूस बाहेर काढायला टाकली होती. यवतमाळच्या 'शकुंतला'ची धाकटी बहीणच म्हणा. ती बंद पडून बरीच वर्षं झाली, पण माझ्या आईच्या गोष्टींत ती अजून धावते. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि पळत जाऊन पुन्हा चढायचं, असा तिचा दावा आहे. मी तो कधी तपासलेला नाही.

डिसेंबर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी पांढरी झालेली, मधूनमधून तुरीच्या ओळी शेंगांनी वाकलेल्या, डोक्याला फडकी बांधलेल्या बायका कापूस वेचताहेत. फोटो काढला तर स्टेटसला शंभर हार्ट नक्की. ऑटोवाल्या दादांना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "दिसते चांगलं ताई. बोंडअळी फोटोत येत नाही ना."

मामाच्या घरी सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची वांगं घालून केलेली भाजी आणि गरम भाकरी. मामी एका मागोमाग एक वाढत होती. मामा ओसरीवरच्या खाटेवर बसलेला. "आलीस?" म्हणाला. "बस." संपलं. हा तोच माणूस, जो जेवताना इतका बोलायचा की आजी त्याला ताट घेऊन अंगणात पाठवायची.

मी स्ट्रेस बॉल काढला. त्याने तो हातात घेतला, दाबला, माझ्याकडे पाहिलं. "लहान पोट्ट्याईचा हाय काय हा?" त्यानंतर तो बॉल शेजारच्या मुलांच्या क्रिकेटमध्ये गेला, आणि खरं सांगते, त्याचा तेवढाच उपयोग झाला.

मामाने वही का दिली?

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसून मामीने सांगितलं. गावात दरवर्षी एक सप्ताह होतो. कीर्तन, काला, महाप्रसाद. त्याच्या वर्गणीची वही अकरा वर्षं मामाकडे होती. कुणाकडून किती आले, आचाऱ्याला किती दिले, मंडपवाल्याचे किती बाकी, सगळा हिशेब त्याच्या अक्षरात. शेवटच्या दिवशी माइकवरून नावं आणि आकडे वाचून दाखवायचे, तेही मामाच वाचायचा. खणखणीत आवाजात.

मग एका वर्षी सोयाबीन पिवळं पडून गेलं. पुढच्या वर्षी कापसाला भाव नव्हता. सोसायटीचं कर्ज होतंच. मामाने सगळ्यांची नावं वाचली, आपलं वाचलं नाही. वाचायला आकडाच नव्हता! कुणी काही बोललं नाही, पण त्यानंतर 'डोळ्याला नीट दिसत नाही' म्हणून त्याने वही दुसऱ्याला दिली. मग सप्ताहाला जाणं बंद. मग चहाच्या टपरीवर. मग लग्नाकार्यात, कारण तिथेही आहेर लिहिणारा वही घेऊन बसलेला असतोच. शेवटी संध्याकाळच्या प्रार्थनेलाही जाईना, जिथे तर कुणी एक पैसा मागत नाही.

मी ऐकतच राहिले. आमच्या वेलनेस वीकमध्ये 'तुमच्या तणावाची कारणं लिहा' असा एक तक्ता होता. त्यात बॉस होता, ट्रॅफिक होतं, ब्रेकअप होतं. 'माझ्या नावापुढे आकडा नाही' असा रकाना नव्हता. पण आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? फेअरवेलच्या गिफ्टचं कलेक्शन फिरतं, सगळ्यांनी किती दिले ते ग्रुपवर दिसतं आणि महिनाअखेरीला आपण वॉशरूममध्ये लपतो. प्रमाण वेगळं, लाज तीच.

पायातल्या चपला न काढता

दुपारी आशाताई आल्या. त्या गावातल्याच, मामीच्या ओळखीच्या. बाळंतिणींची नोंद, लसीकरण, गोळ्या, असं सगळं त्यांच्या पिशवीत असतं. पायातल्या चपला न काढता ओसरीच्या कडेला टेकल्या आणि मामाला म्हणाल्या, "भाऊजी, झोप लागते काय?" मामा म्हणाला, लागते. "किती वाजता जाग येते?" मामा गप्प. मग म्हणाला, "तीन." मामीने चमकून पाहिलं. बाजूच्याच खाटेवर झोपते ती, पण तिलाही हे माहीत नव्हतं.

जेवण जातं का, शेतावर जावंसं वाटतं का, जगणं नकोसं होतं का... अगदी दुधाचा भाव विचारावा तसं ताईंनी हे शेवटचं विचारलं. मामाने मान खाली घातली. नाही म्हणाला नाही. ताईंनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सोमवारी सेवाग्रामले जाऊ. पोरगी आलीच हाय."

हे प्रश्न त्यांना कुणी तरी शिकवलेत, हे मला नंतर कळलं. राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात वर्धा होता. आशांनी घरोघरी जाऊन ताणाची लक्षणं ओळखायची आणि माणसाला दवाखान्यापर्यंत पोचवायचं, अशी ती कल्पना. त्याच्या आधी, २००६ मध्ये, विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं, त्यातही वर्धा होता. बी-बियाणं, सिंचन, व्याजमाफी असा तो सगळा पसारा. पण पहाटे तीनला जागा असलेल्या माणसाला कुणी तरी विचारायला हवं असतं, आणि त्यासाठी गावातलंच माणूस लागतं.

नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यात याचा पडताळाही झाला आहे. 'विश्राम' नावाच्या उपक्रमात ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केलं गेलं. आधी नैराश्य असलेल्या १०० पैकी जेमतेम ४ जण उपचारापर्यंत पोचत होते, दीड वर्षानंतर ते २७ झाले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये ते छापून आलं. पिझ्झ्याचा उल्लेख त्यात नाही.

रिकामं आसन

संध्याकाळी मीच प्रार्थनेला गेले, मामा नाही आला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना या पट्ट्यात गावोगावी होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं मोझरी इथून लांब नाही, वर्धा नदी ओलांडली की तिवसा तालुक्यात. १९३५ मध्ये त्यांनी तिथे गुरुकुंज आश्रम उभा केला. खंजिरीवर भजन म्हणत त्यांनी लोकांना गावसफाईपासून व्यसनमुक्तीपर्यंत सगळं सांगितलं. प्रार्थनेत समोर मूर्ती नसते, नुसतं आसन असतं. सगळे सरळ रांगेत मांडी घालून बसतात. सावकार, मजूर, शाळेतली पोरं, एकाच सतरंजीवर.

मला भक्तीबिक्तीतलं फारसं कळत नाही. पण रांगेत एक जागा मोकळी होती आणि तिथे कुणी सरकत नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या मामाची." किती दिवस झाले? "दिवाळीच्या आधीपासून." मग इतक्या दिवसांत कुणी बोलवायला का नाही गेलं? गुरुजी थोडे ओशाळले. "गेलो होतो ना. दोन डाव. त्याले वाटलं, वर्गणीच मागाले आलो."

ज्वारीचं कार्ड

सोमवारी आम्ही सेवाग्रामला. एक दिवसाची रजा, बॉसला 'फॅमिली इमर्जन्सी' असा मेसेज. सेवाग्रामला सगळे बापूकुटी बघायला जातात, तुम्हीही जा, सुंदरच आहे. आम्ही गेलो कस्तुरबा रुग्णालयात. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभ्या केलेल्या मेडिकल कॉलेजचं ते हॉस्पिटल. मानसोपचार विभागाबाहेरच्या बाकावर आमच्यासारखेच बरेच जण होते. धोतरातले, जीन्समधले, डोक्यावर पदर घेतलेले. मामा आधी खांबाआड उभा होता. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून! मग त्याला खरंच ओळखीचं दिसलं, पुलगावचा एक आडत्या, आणि दोघंही इतके गडबडले की शेवटी हसले. मी महिन्यांनी, नाही, वर्षांनी मामाला हसताना पाहिलं.

बाकावरच्या एका आजोबांनी मला ज्वारीच्या विम्याची गोष्ट सांगितली. १९८०च्या दशकात या हॉस्पिटलच्या डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांत एक योजना चालवली. पैसे नव्हे, ज्वारी द्यायची. सुगीत, घरात धान्य असतं तेव्हा. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. गावातल्या बहुतेक घरांनी भाग घेतला तरच गावाला योजना. त्या ज्वारीवर मग वर्षभर आजारपणाची सोय. द्यायचं ऐपतीप्रमाणे, घ्यायचं गरजेप्रमाणे, असा तो हिशेब. "दोन पायल्या देणाराही दवाखान्यात ताठ उभा राहे," आजोबा म्हणाले. पुढे सोयाबीन आलं, ज्वारीचा पेरा घटला. आजोबांच्या घरीही आता भाकरीची ज्वारी दुकानातून येते.

मामा ऐकत होता. काही बोलला नाही, पण ऐकत होता.

डॉक्टरांनी अर्धा तास दिला, गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबरही दिला. २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मामीने तो आपल्या मोबाइलमध्ये 'ताई सेवाग्राम' या नावाने सेव्ह केला, म्हणजे कुणी पाहिलं तरी हरकत नको. परतीच्या वाटेवर वर्ध्यात मी गोरसपाक घेतला, ऑफिससाठी. (घ्याच! वर्ध्याला जाऊन गोरसपाक न आणणं म्हणजे...)

गाडीत मामा आपणहून बोलला. २०१७ मध्ये आमच्याच आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या छोट्याशा आदिवासी गावाने पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं ५० लाखांचं पहिलं बक्षीस मिळवलं होतं. मामा तेव्हा कुदळ घेऊन श्रमदानाला गेला होता. "तिथं वही नव्हती," तो म्हणाला. "घाम तेवढा सगळ्याईचा सारखा."

त्या रात्री गुरुजी घरी आले. मामीने आधीच दारातून ओरडून सांगितलं, वर्गणीचं काढू नका म्हणून. गुरुजी म्हणाले, काढणारच. सप्ताहाच्या बैठकीत त्यांना सांगायचं होतं की यंदा आकडे माइकवर वाचायचे नाहीत. ज्याला जमेल त्याने तूर द्यावी, ज्वारी द्यावी, नाही तर तीन दिवस पंगत वाढावी, आणि वहीत नुसती नावं लिहावीत. "तू हिशेबाचा माणूस. सांग, बसते काय हे?" मामा बराच वेळ विचार करत होता. "नुसत्या नावाचा ताळेबंद कसा लागंन, गुरुजी?" अगदी अकाउंट्सवाल्याचा चेहरा! मग मात्र तो तासभर भांडला. तुरीचा भाव कोणत्या दिवसाचा धरायचा, पंगत वाढणाऱ्याची हजेरी कोण लावणार, वगैरे वगैरे. मी झोपून गेले तेव्हाही चालूच होतं.

बैठकीत काय झालं, ते मामीने पुण्याला फोनवर सांगितलं. वाद झाला. ज्यांचे आकडे मोठे असतात ते म्हणाले, आम्ही देतो ते लोकांना कळायला नको का? निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मामा त्या आठवड्यात दोनच दिवस प्रार्थनेला गेला. गोळ्या घेतो, पण त्याने तोंड कोरडं पडतं अशी तक्रार करतो. जाग आता साडेचारला येते.

आणि हो, त्या नव्या वहीत, कच्च्या यादीत, त्याने माझंही नाव घातलंय म्हणे. पुढे लिहिलंय: पंगत वाढणे, एक दिवस. रजेचा अर्ज टाकलाय.