मागचा ओटा

जयपुरात घरामागे लाकडाचा ओटा बांधणारा माणूस एक तर हट्टी असणार नाहीतर बाहेरगावचा, असं शेजारी म्हणायचे. बाबा दोन्ही होते. १९९४ साली वाईचा आमचा वाडा पाडला, तेव्हा निघालेल्या सागाच्या फळ्या ट्रकमधून इथवर आणून त्यांनी परसात तो ओटा रचला. इथल्या जुन्या घरांची छतंसुद्धा दगडाच्या लांब पट्ट्यांची, शेताची कुंपणंही दगडाच्याच उभ्या पट्ट्यांची. आणि आमच्याकडे फळ्या!

गेल्या वर्षी त्याचा एक कोपरा खचला. साग शाबूत होता. खालच्या निलगिरीच्या कड्यांचा मात्र वाळवीने भुगा केला होता. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. निलगिरीचं तिला काही वावडं नाही.

नवा ओटा कशाचा करायचा, हा प्रश्न आईच्या तळव्यांपाशी येऊन अडला. आई ८१ वर्षांची. पंचवीस वर्षांच्या मधुमेहात तळव्यांची संवेदना जवळजवळ गेली आहे. अनवाणी एक पाऊलही नको, असं डॉक्टर सांगतात. आणि तुळशीपाशी चप्पल घालून जायचं नाही, हा तिचा नियम डॉक्टरांच्या जन्माआधीचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती भर दुपारी गच्चीवर पापड उलटायला गेली होती. संध्याकाळी पायाला फोड दिसले. तिला काही कळलंच नव्हतं. ती जखम भरायला अडीच महिने लागले, आणि त्यातले पहिले तीन आठवडे पाय वाचतो की नाही याचीच चर्चा होती. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या गावात आमच्यासाठी फरशीचा रंग, किंमत, टिकाऊपणा हे सगळं मागच्या रांगेत गेलं.

दुकानदाराने आधी लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवलेल्या तयार फळ्या दाखवल्या. वाळवी नाही, पॉलिश नाही, कटकट नाही. मी त्या फळीचा एक तुकडा घेतला, शिवाय कोटाचा, करौलीच्या लाल दगडाचा आणि मकरानाच्या पांढऱ्या संगमरवराचा. जोडीला बाबांची एक सागाची फळी. दुपारी सगळे अंगणात ओळीने मांडले आणि दोन तासांनी एकेकावर तळहात टेकवून आकडे म्हणत गेले. प्लास्टिकच्या गडद फळीवर तीन. कोटावर चार. लाल दगडावर जेमतेम सहा. सागावर बारा, कारण लाकूड तापलं तरी आपली उष्णता हाताला सावकाश देतं. दगड ती झटकन देतो, पण पांढरा दगड मुळात घेतोच कमी. संगमरवरावर मी विसापर्यंत पोचले आणि कंटाळून हात उचलला.

"अगं, ताजमहालाचा दगड तो. मी काय मुमताज आहे?" आई म्हणाली.

"तुला झोपायला नाही आणलाय, चालायला आणलाय," मी म्हटलं.

पण गुळगुळीत संगमरवरावर पाणी पडलं की पाय गेलाच, आणि तुळशीला रोज तांब्याभर पाणी असतंच. मिस्त्रीला मी जात्याला टाकी लावल्यासारखा हात करून दाखवला. शब्द त्याला कळला नाही, कृती कळली. मग टाकी किती खोल, यावर दोन दिवस गेले. खरखर जास्त झाली तर तळवे सोलणार, कमी झाली तर माणूस घसरणार. शेवटी तो स्वतःच ओल्या तुकड्यांवर अनवाणी फिरला आणि त्यातला एक निवडला. (संगमरवर चुन्याचाच भाऊबंद, लिंबाच्या थेंबानेही त्याचा चेहरा उतरतो. त्यामुळे लोणच्याच्या फोडी वाळवायचं ठिकाण बदललं.)

बाबांचा साग टाकवेना. कडुनिंबाची सावली दिवसभर हलत नाही, तेवढ्या भागात तो परत बसवला. या वेळी खाली कड्या नाहीत, दगडी पट्ट्या आहेत, जमिनीपासून वीतभर वर. वाळवी दगडावरूनही चढते, पण तिला मातीची नळी बांधत यावं लागतं, आणि वाकून पाहिलं की ती नळी दिसते. दर रविवारी मी वाकते. आतापर्यंत दोनदा खराट्याने पाडली.

घरापासून निंबापर्यंत साग, पुढे तुळशीपर्यंत उन्हातला पट्टा संगमरवराचा. दोन्ही एका पातळीत, मध्ये उंबरठा नको म्हणून. तरीही अकरानंतर तिकडे जायचं नाही, असं आईशी ठरलंय आणि बहुतेक दिवस ती ते पाळते. लाकूड कुठे संपतं हे तिच्या तळव्यांना कळत नाही. फळ्यांचा आवाज थांबला की ती तिथे क्षणभर उभी राहते, तांब्या दुसऱ्या हातात घेते आणि मग पुढचं पाऊल टाकते.