पदार्थविज्ञानच कां?

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत असतां आमच्या पुतण्यानें विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकण्याचा हट्ट धरला, आणि घरांत दोन तट पडले. ‘मापें घेऊन पोट भरतें काय?’ या वडील बंधूंच्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. याच भयानें आम्हीं तरुणपणीं तो विषय सोडला होता.

आम्ही अलिबागकर. येथील चुंबकीय वेधशाळेवरून आमचें नित्य जाणें-येणें. पण तिची कथा आम्हांस त्या मुलानेंच सांगितली. मुंबईस कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेत. सूर्यावरील वादळांची खूणही त्यांत उमटते. पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. त्या विजेनें मापें बिघडतीं, म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं अलिबागेस वेधशाळा उभी राहिली. परंतु कुलाबा लगेच सोडला नाहीं. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं मापें घेऊन फरक पारखला, आणि मगच तेथील काम थांबविलें. नोंदींची परंपरा तुटली नाहीं.

“काका, यांतला शेवट कोणालाच दिसला नाहीं,” तो म्हणाला, “तरी कोणीं वही मिटली नाहीं.”

आजोबांनीं लावलेल्या माडांचे नारळ खाणाऱ्या आम्हांस हें समजावयास कठीण नव्हतें. पोटाची चिंता आहेच, पण त्या रात्रीं आम्ही बंधूंस म्हणालों, “दादा, माझी चूक त्याच्याकडून करवूं नये.”

दादा कांहींच बोलले नाहींत. सकाळीं फीचे पैसे देवापुढें ठेवलेले दिसले.