समुद्र डावीकडे

नोकरीने आम्हांस चेन्नईस आणून सोडले, त्यास सात वर्षे होत आली; परंतु तंजावरास सौ.च्या आत्याबाईंकडे जाण्याचा योग गेल्या उन्हाळ्यात आला. आगगाडीने रात्रीत पोहोचता येते. आम्ही मात्र पहाटे मोटार काढली आणि समुद्र डावीकडे ठेवून दक्षिणेस निघालो. कोकणात वाढलेल्या माझ्या डोळ्यांना पाण्यातून वर येणारा सूर्य अजूनही काहीतरी चुकल्यासारखा वाटतो! मामल्लपुरम मागे पडले. मरक्काणमच्या मिठागरांत शुभ्र राशी लागल्या होत्या. तरंगमबाडीस, डेन्मार्कच्या लोकांनी १६२० साली उभारलेल्या किल्ल्यापाशी डबा सोडला आणि तेथून समुद्राकडे पाठ केली.

तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली खालसा झाले. आत्याबाईंच्या सासरी मराठी मात्र टिकली आहे, तमिळ हेल घेऊन. पानात डांगर पचडी होती. जेवणानंतर त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या दिरांनी कागदांचा एक रुमाल सोडला. घराण्याची मोडी पत्रे!

“तुम्ही महाराष्ट्रातले. वाचून दाखवा.”

मला एक अक्षर लागेना. सरस्वती महाल ग्रंथालयात जाणकार भेटतील, असे मी चाचरत सुचविले.

“घरची पत्रे बाहेरच्याने वाचायची?” त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि पचडी आवडली का, हे अगत्याने विचारले.

परतताना समुद्र उजवीकडे होता. आमचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

“निवृत्तीनंतर मोडी शिकेन म्हणतो,” मी म्हणालो.

“आणि काका?” सौ.ने विचारले.